आधी वापरणार, मग ओरडणार

डिचोलीच्या बाजारातल्या एका चपलांच्या दुकानाची जाहिरात लिहिताना मी तीन शब्द गाळले होते. शब्द साधेच होते, 'आमच्या दुकानातून घेतलेल्या'. उरलेलं वाक्य मात्र मी मोठ्या दिमाखात लिहिलं होतं: 'चपलांची शिलाई वर्षभर मोफत.' न्हानूभाईंनी ते आपल्या टॅक्सीवरच्या भोंग्यातून गावोगाव वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढे नार्वे-आमोण्यापासूनची माणसं पिशव्या घेऊन उभी. पिशव्यांत फाटक्या चपला. कुणी सासऱ्याच्या आणलेल्या, कुणी वारलेल्या काकांच्या. खाणीवरचा एक ट्रक ड्रायव्हर तर सीटचं फाटलेलं रेग्झीनच घेऊन आला होता. शिलाई मोफत म्हटल्यावर ती कशाची याची त्याने फारशी चौकशी केली नव्हती.

दुकानदाराने माझ्यावर हात टाकला नाही तो केवळ मी शाळामास्तर म्हणून. मी न्हानूभाईंना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "लगेच एक फेरी मारा. सांगा, नजरचुकीने राहून गेलं."

न्हानूभाईंनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "मास्तर, चूक तुमची. पूण आवाज म्हजो. लोकांनी तुमचें बरप वाचूंक ना, म्हजो आवाज आयकला. आतां शिंवन दिवपाचें." तुमचं लिहिलेलं कुणी वाचलं नाही, माझा आवाज ऐकला, आता शिवून द्यायचं, असं.

आणि ते दुकानाच्या पायरीवर चांभाराशेजारी मांडी घालून बसले. दोऱ्याला मेण लावून देत, चपलांच्या जोड्या लावत, संध्याकाळपर्यंत. ड्रायव्हरचं रेग्झीनही शिवून दिलं. दुसऱ्या दिवशी भोंग्यावरून सांगितलं, "काल शिवलं ते शिवलं. चूक आमची होती. आजपासून ह्याच दुकानातल्या चपला शिवून मिळतील." त्या आठवड्यात त्या दुकानात इतकी गिऱ्हाइकं आली, की दुकानदाराने मला माफ केलं. म्हणजे तो तसं म्हणाला.

न्हानूभाई मूळचे पेडण्याकडचे, मांद्र्याचे. लग्न करून डिचोलीत सासरवाडीला राहिले. कुणी घरजावई म्हणून डिवचलं तर म्हणत, "हांव जायरात करून येवंक ना. म्हाका आपोवन हाडलां." बोलावून आणलंय, असं. अंगाने किरकोळ, गळ्यापर्यंत बटण लावलेला पांढरा शर्ट, आणि त्या एवढ्याशा छातीतून येणारा आवाज मात्र असा भरदार, की नव्या माणसाला वाटे गाडीत दुसरंच कुणी बसलंय. जुनी काळी-पिवळी टॅक्सी, टपावर दोन भोंगे, मागच्या सीटवर बॅटरी आणि अँप्लिफायर. खिशात डबी, डबीत लवंगा आणि खडीसाखर. बोलण्याआधी एक लवंग, बोलून झाल्यावर एक खडा. सिनेमा, सर्कस, कापडाचा सेल, नाटक, सभा, जे काय असेल ते त्या आवाजातून डिचोली आणि पेडण्याच्या गावांत पोचायचं. मी त्यांचा मजकूर लिहून द्यायचो. म्हणजे मी दोन पानं लिहायचो, आणि ते त्यातल्या दोन ओळी वाचायचे.

त्यांचा एक नियम होता. जी वस्तू आपण आठ दिवस वापरली नाही, तिची जाहिरात करायची नाही. आधी वापरणार, मग ओरडणार. छत्रीवाला आला, तर भर मे महिन्यात हे छत्री उघडून विहिरीच्या कट्ट्याखाली उभे, आणि काकी, म्हणजे त्यांची पत्नी, वरून कळशा ओततायत. साबण आला तर आठ दिवस घरात दुसरा साबण बंद. एकदा बाळंतिणीच्या काढ्याची जाहिरात आली. न्हानूभाई विचारात पडले. शेवटी त्यांनी तो काढा शेजारणीच्या सुनेला दिला आणि आठ दिवस रोज तिच्या सासूला विचारून आले. सासू म्हणाली, सून पीत नाही, ओतून टाकते. न्हानूभाईंनी काढेवाल्याला परत पाठवलं.

भोंगा कुठे बंद करायचा याचंही त्यांचं गणित होतं. मयताच्या घरापुढे, परीक्षा चालू असताना शाळेपुढे, हे कुणालाही सुचेल. पण ते नदीवरच्या फेरीबोटीतही बंद करत. मी म्हटलं, "अहो, इथे तर पन्नास माणसं आयती उभी आहेत. कुठे जाणार नाहीत." ते म्हणाले, "म्हणून. अडकल्ल्या मनशाक जायरात करूंक जायना. ताका वचूंक वाट जाय." त्याला निघून जायला वाट हवी, असं.

ती वर्षं भाषेच्या भांडणाची होती. मराठी की कोकणी, यावरून सख्खे भाऊ एका पंक्तीला बसेनासे झाले होते. मी मराठीचा मास्तर, त्यामुळे माझी बाजू मी न निवडताच ठरली होती. दोन्ही पक्ष सभेच्या जाहिरातीसाठी न्हानूभाईंकडेच यायचे, कारण दुसरा तसा आवाजच नव्हता. मी आमच्या सभेचा मजकूर लिहिला, 'प्रचंड जाहीर सभा'. त्यांनी 'प्रचंड' खोडलं.

"सभा फाल्यां," ते म्हणाले. "ती प्रचंड जाली काय ल्हान, तें हांवें पळोवंक ना." सभा उद्या, ती प्रचंड झाली की लहान हे मी पाहिलेलं नाही, असं.

"अहो, असं लिहितातच."

"तर बरोवप्यान वाचचें." लिहिणाऱ्याने वाचावं, म्हणजे मी.

दोन्ही सभांना त्यांनी सारखंच सांगितलं: जागा, वेळ, बोलणाऱ्यांची नावं. डिचोलीत मराठीत, मांद्र्यात तिथल्या बोलीत. दोन्हीकडच्या लोकांना वाटे ते दुसऱ्या बाजूचे आहेत. आणि दोन्हीकडची सभा भरे.

पुढे गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला, आणि नवं राज्य म्हटल्यावर बाहेरच्या कंपन्यांनाही आमचे गाव दिसू लागले. त्यातलाच एक चहाचा एजंट टाय लावून न्हानूभाईंच्या ओसरीवर येऊन बसला. कंपनी पुढे बुडाली, तिचं नाव मी लिहीत नाही. चहा पिवळ्या पुड्यातून यायचा, म्हणून आपण पिवळा पुडा म्हणू. न्हानूभाईंनी शिरस्त्याप्रमाणे आठ दिवस तो चहा घेतला, सकाळी उंड्याबरोबर, म्हणजे इथल्या पावाबरोबर, आणि दुपारी नुसता. नवव्या दिवशी म्हणाले, "बरी आसा. सांगतलों."

पण एजंटाला नुसतं सांगणं नको होतं. त्याला आवाज कॅसेटवर हवा होता. कॅसेटच्या प्रती काढून तो त्या सावंतवाडीपासून फोंड्यापर्यंतच्या गाड्यांतून वाजवणार होता. "आम्ही तुमच्या आवाजाचं लायसन्स घेऊ," तो म्हणाला.

"लायसन म्हाका गाडयेचें आसा," न्हानूभाई म्हणाले. "आवाजाचें कसलें?"

एजंटाने समजावलं. आवाज तुमचाच राहणार, मालकी तुमची. आम्हाला तो फक्त वर्षभर वापरायला द्यायचा, त्याचा मोबदला घ्यायचा. न्हानूभाईंनी लवंग चघळत विचार केला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे कुळागर खंडाक दिल्लें तशें." सुपारीची बाग दुसऱ्याला करायला देतात, तसं. "झाड म्हजें, फळ तांचें. पूण झाड मारपाचें ना. बरयात मास्तर."

चपलांच्या धड्यानंतर मी शब्द गाळणार नव्हतो. कागदावर मी स्वच्छ लिहिलं: 'न्हानू यांनी जो चहा पिऊन पाहिला, त्याच चहासाठी हा आवाज वापरावा. चहा बदलल्यास परवानगी संपली.' एजंटाने हसत सही केली. न्हानूभाईंनी त्या पारखलेल्या चहाचा उरलेला अर्धा पुडा पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकून फडताळात ठेवून दिला. आणि कॅसेटवर त्यांनी जे सांगितलं, ते पुढे सगळ्या तालुक्याच्या तोंडी झालं: "आठ दिवस प्यालो, मग सांगायला आलो."

एव्हाना माझ्याही अंगात वारं शिरलं होतं. आमच्या वाड्यावरच्या देवळाच्या जत्रेत दरवर्षी नाटक होई, आणि मी मंडळाचा सेक्रेटरी. मी एजंटाला गाठून कंपनीला नाटकाचं प्रायोजक केलं. नवा पडदा, दिवे, मांडव, सगळं त्यांचं. बदल्यात पडद्यावर पिवळा पुडा रंगवायचा. एजंटाची आणखी एक इच्छा होती. दुसऱ्या अंकात महाराजांनी रंगमंचावर चहा प्यावा, आणि पुडा प्रेक्षकांना दिसावा. मी प्रधानाच्या तोंडी वाक्यही घातलं, 'महाराज, शिणलात, चहा घ्यावा.' तालमीला न्हानूभाई बसले होते. नाटक तीनशे वर्षांपूर्वीचं.

"मास्तर," ते शांतपणे म्हणाले, "मांटव तांचो, राजा न्हय."

वाक्य गेलं. पडदा मात्र आला, आणि मी त्याच्याकडे बघत रोज देवळात एक चक्कर मारू लागलो. आमच्या वाड्याने असा पडदा जन्मात पाहिला नव्हता.

जत्रेला नऊ दिवस उरले असताना न्हानूभाई एका दुपारी नार्व्याला गेले होते. तिथे आनंदीबाय म्हणून एक शेतकरीण, त्यांना दरवेळी हाक मारून पाणी देणारी. त्या दिवशी तिने कौतुकाने चहा पुढे केला. "आयज तुमचीच च्या तुमकां, न्हानूभाई. आवाज आयकून हाडल्या."

त्यांनी पूर्ण पेला संपवला. मग पुडा मागितला. पुडा तोच, पिवळा, तीच अक्षरं. त्यांनी चिमूटभर चहा तळहातावर चोळून हुंगला आणि विचारलं, "कितले दीस हाडटा?"

"दोन म्हयने जाले. कित्याक?"

"कांय ना," म्हणाले, आणि वाटेत तीन गावांतल्या तीन दुकानांतून तीन पुडे घेऊन परतले. मला बोलावणं आलं. काकींनी चार पेले मांडले होते. एकात डब्यातला जुना चहा, बाकी तीनांत नवा. मी चारही प्यालो. खरं सांगायचं तर मला चारही सारखेच लागले. चौथ्यात साखर जरा जास्त होती. काकी मात्र नव्याच्या पहिल्या घोटालाच म्हणाल्या, "ही ती न्हय. हातूंत भुको घाल्लो आसा." चहात भुकटी मिसळली होती.

निरोप मिळताच एजंट दुसऱ्या दिवशी आला. तो चिडला नाही. "न्हानूभाई, चहा थोडाफार बदलतोच. मळा बदलतो, पाऊस बदलतो."

"तर म्हाका सांगपाचें. नवी च्या हांवें परत आठ दीस पियेली आसती."

"लोकांची तक्रार नाही. तुमचीच का?"

"लोक च्या घेतात ती म्हज्या तोंडान घेतात, म्हणून."

मी कागद काढला आणि ती ओळ वाचून दाखवली. आयुष्यात प्रथमच मी लिहिलेलं वाक्य उपयोगी पडत होतं. एजंटाने ते ऐकलं, रुमालाने टाय पुसला आणि न्हानूभाईंना सोडून माझ्याकडे बघत म्हणाला, "ठीक आहे. आवाज काढून घ्या. मग मांडवाचं आणि पडद्याचं काय करायचं ते तुम्हीच बघा."

तो गेला आणि ओसरीवर मी उरलो. आता जे मी बोललो ते लिहायला मला लाज वाटते, पण वगळलं तर हे न्हानूभाईंचं चित्र होणार नाही. मी म्हटलं, "न्हानूभाई, आठ दिवसांवर जत्रा आहे. मुंबईहून, वास्कोहून माणसं यायची आहेत. नाटक होऊ द्या, मग सांगा लोकांना. आठ दिवसांत काय बिघडतं?"

त्यांनी खिशातली डबी उघडली, लवंग न घेता मिटली.

"आठ दीस हांव वस्त पारखुपाक घेतां, मास्तर," ते म्हणाले. "खोटें चालू दवरपाक न्हय."

दुसऱ्या सकाळी टॅक्सी निघाली. त्यांनी नवी कॅसेट करून लावावी असं मी सुचवलं, गावागणिक तेच तर सांगायचं होतं. त्यांनी नकाराची मान हलवली. खोटं टेपवरून गेलं होतं, खरं टेपवरून जाणार नव्हतं. ते प्रत्येक वाड्यावर थांबत, गाडीतून खाली उतरत, माईक हातात घेऊन उभे राहत आणि सांगत: "मी न्हानू. पिवळ्या पुड्यातला चहा मी प्यालो होतो तो आता राहिला नाही. हा दुसरा आहे. विष नाही, घरात असेल तो पिऊन संपवा. पण मी सांगितलेला तो हा नव्हे. माझ्या आवाजाची कॅसेट कुठे वाजली, तर ती माझी समजू नका."

एवढंच. कंपनीला शिवी नाही, एजंटाचं नाव नाही. या फेरीत मी त्यांना जत्रेच्या नाटकाचं एक वाक्य जोडायला सांगितलं होतं. तेही त्यांनी नाकारलं. म्हणाले, लोकांना वाटेल नाटकाला माणसं जमवायला हा आला.

पहिल्या दिवशी डिचोली आणि आमोणे झालं, दुसऱ्या दिवशी नार्वे आणि खाणीकडचे वाडे. दुसऱ्या संध्याकाळी घसा बसला. तोवर पडदा ट्रकमधून परत गेला होता. तिसरा दिवस रविवार, मला सुट्टी, मी त्यांच्याबरोबर पेडण्याकडे निघालो. खरं तर मी माझा अपराध थोडा हलका करायला निघालो होतो. वाटेत त्यांचा आवाज पार फुटला, भोंग्यातून नुसती खरखर. मी म्हटलं, "द्या इकडे माईक, मी वाचतो. मजकूर पाठ आहे मला."

त्यांनी माईक छातीशी धरला. "तुमच्या आवाजाचेर कोणें च्या घेवंक ना, मास्तर." माझ्या आवाजावर कुणी चहा घेतला नव्हता, हे खरं होतं.

नाटक पुढे झालं, तेही सांगून टाकतो. देवळाचेच दिवे लावले. पडद्याच्या जागी चार घरांच्या चादरी जोडून शिवल्या, आणि दुसऱ्या अंकात महाराज प्रवेश करताना एक चादर मुकुटात अडकून त्यांच्याबरोबर दरबारात आली. मांडव नव्हता, त्यामुळे माणसं मावली नाहीत असं झालं नाही. खूप माणसं आली. किती, ते मोजून सांगत नाही. न्हानूभाईंना ते आवडलं नसतं.

पण मला ते आठवतात ते त्या रविवारचे, मांद्र्याच्या तिठ्यावरचे. त्यांचं स्वतःचं गाव. दुपारची वेळ, माशांचा बाजार उठत आलेला. ते टॅक्सीला पाठ लावून उभे, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, हातात माईक. बोलू लागले आणि कुणाला काही कळेना. एक मासेवाली पाटी उतरवून पुढे आली. "न्हानू, आवाज खंय गेलो तुझो? कितें सांगतंय?" न्हानूभाईंनी माईक खाली ठेवला आणि तिच्या कानाशी वाकून पहिलं वाक्य सांगितलं. तिने ते मागे वळून मोठ्याने म्हटलं. त्यांनी दुसरं सांगितलं, तिने दुसरं म्हटलं. मागच्यांनी आणखी मागच्यांना सांगितलं. "विख न्हय, पूण न्हानून सांगिल्ली ती ही न्हय." पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, दुकानापासून रस्त्याच्या पलीकडच्या माडांपर्यंत ते वाक्य तोंडातोंडी गेलं, आणि न्हानूभाई एकेका चेहऱ्याकडे बघत उभे होते, ते नीट पोचलं की नाही हे तपासत. मासेवालीने एका जागी चुकीचा शब्द वापरला, तर त्यांनी तिचा दंड धरून तो दुरुस्त करायला लावला. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. माणसं माना हलवून आपापल्या कामाला लागली. मी त्यांचा मजकूर-लेखक आहे, हे त्या दिवशी मला कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. कुणी विचारलं नाही.

घरी आलो. बायको स्वयंपाकघरात होती. मी तिला सगळं सांगितलं, मी त्यांना आठ दिवस थांबायला सांगितलं होतं तेही, चार पेल्यांत मला फरक कळला नाही तेही. ती ऐकत होती. मग तिने फळीवरचा पिवळा पुडा काढला आणि त्याची घडी उलगडून आत बघत राहिली.

"मला महिन्यापूर्वीच कळलं होतं, चहा बदललाय," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"रोज सकाळी रस्त्यावरून न्हानूभाईंचा आवाज सांगत जायचा, चांगला आहे म्हणून. मला वाटलं, माझीच जीभ बिघडली."